नळीतल्या पाण्याने आखलेली रेघ

२०२३ च्या सप्टेंबरात मावशीकडे महालक्ष्म्या बसल्या होत्या. २२ तारखेला पूजन झाले, सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाचे जेवण झाले, शेवटची पंगत उठेपर्यंत बराच उशीर झाला आणि घरातल्या बायका पाय मोकळे करून बसल्या तेव्हा बाहेर पाऊस लागला होता. त्या रात्री नागपुरात काय झाले, ते इथल्या माणसांना सांगायला नको. अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीने काठ सोडला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीच्या बाजारापर्यंत पाणी झोपलेल्या घरांमध्ये शिरले. मावशीची गल्ली याच पट्ट्यातली आहे. माझा मावसभाऊ पहाटे पाणी पिण्यासाठी उठला आणि त्याने पलंगावरून खाली टाकलेला पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी जे वाचवले, त्यात पहिले काय असेल तर महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे. ते काढून माळ्यावर ठेवले. धड तसेच उभे राहिले, नव्या पैठण्या नेसलेले, आणि पाणी निऱ्यांवरून वर चढत राहिले.

मी तिसऱ्या दिवशी गेले, तेव्हा पाणी उतरून गेले होते आणि मागे चिखल उरला होता. पण माझी नजर खिळली ती भिंतीवर. घराच्या आत जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर आणि बाहेर कुंपणाच्या भिंतीवर चार फुटांवर एक तपकिरी रेघ उमटली होती. मी शाळेत चित्रकला शिकवते. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायला मुलांना शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत. ती रेघ बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून देवघराच्या कोनाड्याखालून मागच्या दारापर्यंत गेली होती आणि कुठेही केसभरही वाकली नव्हती. तिच्या वरच्या बाजूला चुना स्वच्छ होता आणि खाली नदी होती. मावशी म्हणाली, "बघ, कसं नीट आखून गेलं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या घरात कोण येऊन गेले, हे ती नुसते सांगत होती.

दिवाळीच्या आधी सगळ्यांनी घरे रंगवून घेतली. यात चूक कोणाचीच नाही. चिखलाच्या वासात किती दिवस राहायचे आणि रोज सकाळी उठून त्या रात्रीकडे का पाहायचे? थोड्याच महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सामाईक भिंतीवर सुशोभीकरण म्हणून चित्रे आली. कंत्राटदाराची मुले दोन दिवस राबली आणि भिंतभर मोर उमटले. मोर चांगलेच काढले होते, पिसाऱ्यातला निळा-हिरवा उतार मला स्वतःला जमला नसता. तरीही त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर माझ्या मनाला काहीतरी लागून राहिले आणि ते शब्दांत मांडायला मला बराच वेळ लागला.

मार्च २०२३ मध्ये सी-२० ची, म्हणजे जी-२० देशांतल्या नागरी संघटनांच्या गटाची, बैठक नागपुरात झाली, तेव्हा शहरातल्या कितीतरी भिंती अशाच रंगल्या होत्या. रंगीत भिंतींमुळे शहर प्रसन्न दिसते आणि मुलांना ते आवडते, म्हणून त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. पण ही चित्रे ज्या जागी आहेत, त्या जागेबद्दल ती काहीच बोलत नाहीत. तोच मोर वर्धा रोडवर काढला असता, जरीपटक्यात काढला असता किंवा दुसऱ्याच एखाद्या शहरात काढला असता, तरी चालले असते. मावशीच्या भिंतीवरची चिखलाची रेघ मात्र फक्त त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर खरी होती. एक वीत वर सरकवली असती तरी ती खोटी झाली असती. उघड्यावरची जी कला आपल्याला बदलत्या भूमीकडे पाहायला लावते, तिचा आधार मला इथे सापडला: ती जागेला बांधलेली असते आणि तिचे माप खरे असते.

अशा खुणेची उणीव या शहराला खरे तर कधीच नव्हती. शून्य मैलाचा दगड आपण जाता-येता पाहतो आणि भारताचा मध्य म्हणून पाहुण्यांना दाखवतो. चार घोडे, वाळूच्या दगडाचा स्तंभ, त्यावर कोरलेली दूरच्या गावांची अंतरे. त्याच आवारात १९०७ सालचे सर्वेक्षणाचे तलचिन्ह आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारी ही खूण आहे आणि ती आकडा देते १०२० फुटांहून किंचित अधिक. हा आकडा काढण्यासाठी देशभर माणसे पायी फिरली. त्या प्रचंड मोजणीचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबरही तिथेच आहे. आपण अंतराच्या दगडाचे कौतुक केले आणि उंचीच्या खुणेकडे पाठ फिरवली, असे मला आता वाटते. अंतर प्रवाशाच्या कामाचे असते. उंची मात्र इथे राहणाऱ्याच्या कामाची, कारण पाणी उंचीप्रमाणे चालते. सीताबर्डीची टेकडी कुठे आणि नागनदीचे पात्र कुठे, यातला फरक त्या रात्री हजारो घरांनी अंगावर अनुभवला.

आणखी मागे जायचे तर काटोल रोडने जुनापाणीला जावे. तिथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. काळ्या बेसॉल्टचे गोटे वर्तुळात मांडलेले, मधे मातीचा उंचवटा, आत कधीकाळी ठेवलेले मृतांचे अवशेष. लोहयुगातल्या माणसांनी ही वर्तुळे रचली आणि रिवेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात त्यातली काही खणून पाहिली. काही गोट्यांवर ओळीने कोरलेले लहान खळगे आहेत, वाटीसारखे. एका खळग्यात मी बोट ठेवून पाहिले. पहिले पेर नीट बसते आणि खालचा गुळगुळीतपणा बोटाला कळतो. कोणीतरी दगडावर दगड घासत दिवसच्या दिवस बसले असेल. ते खळगे कशासाठी, याची उत्तरे अभ्यासकांनी वेगवेगळी दिली आहेत. मला तिथे जाणवले ते इतकेच की भोवतालचे रान, वाटा आणि वस्ती सगळे बदलले तरी हे गोटे जागचे हलले नाहीत, आणि म्हणूनच काय बदलले ते त्यांच्याजवळ उभे राहून दिसते. विदर्भातली अशी कितीतरी वर्तुळे शेतात, रस्त्यात, बांधकामात गेली. ती गेली तेव्हा दगड तर गेलेच, शिवाय तिथे उभे राहून पाहण्याची जागाही गेली.

जगभर आज जे कलावंत भूमीबद्दल काम करत आहेत, त्यांनी बहुधा हेच ओळखले आहे. ईव्ह मोशर या कलावंत बाईंनी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एक रेघ ओढली. खेळाच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारतात तसले ढकलगाडीचे यंत्र घ्यायचे, त्यात निळी खडूची पूड भरायची आणि समुद्रसपाटीपासून दहा फूट उंची जिथे जिथे येते तिथून चालत राहायचे, असे ते काम होते. ब्रुकलिन आणि खालचे मॅनहॅटन मिळून सुमारे ११० किलोमीटर ती रेघ गेली. लोक घरांतून, दुकानांतून बाहेर येऊन विचारत, ही कसली रेघ? मग बाई सांगत की समुद्राची पातळी वाढते आहे आणि मोठ्या वादळात पाणी इथवर येऊ शकते. पुढे पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, सँडी वादळ आले आणि त्या भागातल्या कितीतरी सखल वस्त्या खरोखरच पाण्याखाली गेल्या. खडू तोवर केव्हाच पुसला गेला होता. पण ज्यांनी दारात उभे राहून ती रेघ ओढताना पाहिली, त्यांना आपले घर तिच्या कोणत्या बाजूला आहे, हे कायमचे कळले असणार.

युरोपात एल्बे नदीच्या पात्रात याच्या उलट प्रकारचे दगड आहेत. चेक देशातल्या देचिन गावाजवळचा एक दगड नदी फार आटली तरच उघडा पडतो. त्यावर दुष्काळाची साले कोरलेली आहेत, वाचता येणारे सर्वांत जुने १६१६ चे, आणि सोबत जर्मन भाषेत एक ओळ आहे, जिचा अर्थ असा की मला पाहाल तेव्हा रडा. २०१८ च्या आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा दिसला. उपाशी पिढीने पुढच्या पिढीला नदीतच चिठ्ठी लिहून ठेवली आणि ती वाचण्याची वेळ नदीनेच ठरवावी, अशी व्यवस्था केली. यापेक्षा नेमके शिल्प मला माहीत नाही.

जर्मनीत कासेल शहरात योझेफ बॉइस या कलावंताने १९८२ मध्ये सात हजार झाडे लावायला घेतली आणि प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक खांब रोवला. सगळे खांब आधी एका संग्रहालयासमोर ढिगाने टाकले होते. झाड लागले की ढिगातला एक दगड कमी व्हायचा, म्हणजे किती काम उरले ते भर चौकात सगळ्यांना दिसायचे. बॉइस मधेच वारले, शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले. लावताना दगड रोपापेक्षा ठसठशीत दिसे. आज झाडे आकाशाला भिडली आहेत आणि दगड होता तेवढाच आहे. आपल्या पश्चिम नागपूरखालचा काळा दगडही बेसॉल्टच, जुनापाणीचे गोटेही तेच, म्हणून हे वाचताना मला ते काम फार दूरचे वाटले नाही.

आणि हे सगळे परदेशातून आणण्याचीही गरज नाही, कारण रस्त्यावर कला आणून समाजाला बोलते करण्याची रीत नागपूरइतकी जुनी फार थोड्या शहरांत असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे निघतात आणि "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खे जुने नागपूर इतवारीच्या रस्त्यावर लोटते. शंभराहून अधिक वर्षे हे चालले आहे. महागाई असो, भ्रष्टाचार असो, साथ असो, जे गावाला सलते त्याचा बांबू-कागदाचा पुतळा होतो, त्याच्या गळ्यात पाटी अडकवली जाते आणि शेवटी त्याची होळी होते. २०२३ मध्ये मारबत निघाली १५ सप्टेंबरला, म्हणजे पुराच्या बरोबर आठ दिवस आधी. रस्त्यावर उभे राहून बोलायला आपण कमी पडत नाही. पण मारबत पिडेला गावाबाहेर घालवते. पूर हा घालवून देण्याचा विषय नाही, कारण नदी इथेच राहणार आहे आणि आपणही. तिच्याबद्दलची खूण जाळायची नसते, जपायची असते. तरीही मारबतीकडून एक गोष्ट मी उचलली, ती म्हणजे दर वर्षी नव्याने करण्याची. जे दर वर्षी हाताने करावे लागते, ते विसरले जात नाही.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मी मावशीच्या गल्लीत घरोघर गेले. पुराची रेघ निळ्या ऑइल पेंटने, दोन बोटे रुंद, प्रत्येकाच्या कुंपणाच्या भिंतीवर आखायची आणि खाली तारीख लिहायची, एवढेच माझे म्हणणे होते. काहींना ते पटले. बरेच जण गप्प राहिले. एका गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग शांतपणे सांगितले, "ताई, तुमचं बरोबर आहे जी. पण उद्या घर विकाले काढलं त गिऱ्हाईक पयले हेच पाहीन." मला उत्तर देता आले नाही. माणसाने आयुष्यभराची कमाई ज्या भिंतीत घातली, तिच्यावरच ती भिंत बुडाली होती असे लिहायला सांगणे ही लहान मागणी नाही. मी आजही त्यांना दोष देत नाही. फक्त असे वाटते की ते घर घेणाऱ्याच्या लेकरांनाही पहाटे पाण्यात पाय टाकावा लागू शकतो, आणि त्यांना सांगणारे त्या भिंतीशिवाय दुसरे कोणी नसेल.

शेवटी सात घरे तयार झाली. रंगामुळे खरी रेघ कुठेच उरली नव्हती. उरली होती ती फक्त मावशीच्या फाटकाच्या लोखंडी खांबावर, कारण पेंटर आला त्या दिवशी मावशीने तिथे स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडा काढून ठेवला होता. तो ओरखडा हेच आमचे तलचिन्ह. ओळखीचे एक मिस्त्री पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी घेऊन आले. तिच्यात पाणी भरले, एक टोक ओरखड्याशी धरले, दुसरे टोक शेजारच्या भिंतीला लावले आणि दोन्हीकडचे पाणी थांबायची आम्ही वाट पाहिली. नळी ते सारखी बोटाने टिचकावत होते. "बुडबुडा राह्यला त लेव्हल चुकते जी," ते म्हणाले. नळीतले पाणी आधी वरखाली डुलते, मग दमल्यासारखे हळूहळू स्थिर होते. ते थांबले की माझी आठवीतली एक विद्यार्थिनी पेन्सिलने खूण करायची. मग पुढची भिंत, पुन्हा तीच वाट पाहणे. पुराची रेघ आम्ही पाण्यानेच आखत होतो, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी थोडा वेळ काहीच बोलले नाही.

चौथ्या घरापाशी आम्ही सगळेच थबकलो. ही गल्ली सपाट आहे, असे मावशी तिथे राहायला आल्यापासून सगळे समजत होते. डांबरी रस्ता सपाट दिसतो, सायकल चालवताना उतार जाणवत नाही. पण मावशीकडे चार फुटांवर असलेली रेघ खालच्या अंगाला प्रत्येक भिंतीवर वर वर चढत गेली. चौथ्या घरी ती पावणेपाच फुटांवर आली आणि टोकाच्या घरी साडेपाच फुटांवर, म्हणजे माझ्या डोक्याच्याही वर. वरच्या अंगाला पहिल्या घरी तीच रेघ पायरीच्या चार बोटे वर संपत होती. रेघ होती तशी सरळच होती. उतरत होती ती जमीन. सव्वाशे पावलांच्या त्या गल्लीखाली नदीकडे जाणारा जुना उतार अजून जसाच्या तसा होता आणि आमच्या डांबराने, फरश्यांनी, कुंपणांनी तो फक्त नजरेआड केला होता. टोकाच्या घरातल्या आजी बाहेर आल्या, त्यांनी रेघेला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या की पूर्वी इथे पळसाची झाडे होती आणि पावसाळ्यात त्या अंगाला कोणी गाय बांधत नसे. मला वाटते, हे त्या फार वर्षांनी बोलल्या असाव्यात, कारण त्यांच्या सुनेने चकित होऊन त्यांच्याकडे पाहिले.

लाव्याच्या टेकड्यांपासून निघून शहराच्या पोटातून सुमारे १७ किलोमीटर वाहणारी आणि या गावाला नाव देणारी नागनदी आपल्या बोलण्यात केव्हाच नाला झाली आहे. नाला म्हटले की तो बांधून काढता येतो, झाकता येतो, त्यावर पार्किंग करता येते. अंबाझरीच्या सांडव्यालगत उभारलेल्या स्मारकाने पाण्याला अडथळा होतो का, हा प्रश्नही पुरानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्याचा न्याय करणे माझे काम नाही. पण उघड्यावर जे काही उभारतो, ते एखाद्या उतारावर, एखाद्या वाहत्या वाटेवर उभारतो, एवढे चित्रकला शिकवणाऱ्या माणसाने तरी विसरू नये, असे मला त्यानंतर सतत वाटत आले. वर्गात निसर्गचित्र काढताना आता मी मुलांना पहिला प्रश्न विचारते की या चित्रात पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल? ज्याला सांगता येत नाही, त्याने जमीन अजून काढलेली नाही.

रेघ ऊन-पावसात फिकी पडते. म्हणून दर वर्षी महालक्ष्म्या बसण्याच्या आदल्या आठवड्यात, घराची झाडलोट चाललेली असतानाच, मावशी मला फोन करून डबी आणायला सांगते. मुले ब्रश मारतात, नवे भाडेकरू आले असतील तर ते विचारतात आणि मावशी फाटकाशी खुर्ची टाकून त्यांना मुखवट्यांपासून सुरुवात करून सगळे सांगते. गेल्या खेपेला डबीत थोडा रंग उरला, तो घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी गेले. मोरांच्या त्या भिंतीला लोणा फुटला आहे. पिसाऱ्याचे रंग वर अजून ताजे आहेत, पण मोरांच्या पायांच्या जरा वर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रंग पोपडे होऊन सुटला आहे आणि आतून एक पांढुरकी, सरळ रेघ बाहेर आली आहे. मी पर्समधली मोजपट्टी काढून तिची उंची मोजली आणि वहीत लिहून घेतली. नळी घेऊन मिस्त्री पुढच्या रविवारी येतो म्हणाले आहेत.